अक्काच्या स्वयंपाकघरातली देवी

आमच्या देवघरात उजव्या हाताला काळ्या तोंडाची जी देवी आहे ती देवी नाही, ती गॅसची शेगडी आहे. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला सांगितलं नाही, आणि ती गेली. बायकोलाही सांगितलेलं नाही. आई मंगळवारी-शुक्रवारी राहुकाळात तिच्यापुढे लिंबाच्या सालीतले दिवे लावायची. बायकोला शाळा असते, म्हणून ती रविवारी लावते. मी मागे हात जोडून उभा राहतो. पन्नाशी आली, आता शेगडीला हात जोडायची सवय झाली आहे.

सुरुवातीपासूनच सांगतो. मधूनच कुठून सांगायला लागलो तर सोयीचं तेवढंच सांगेन, माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

आम्ही बेंगळुरातले जुने मराठी. आजोबांच्याही आधीपासून इथेच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि आईचं मराठी असं की पुण्याचे पाहुणे आले की माझ्याकडे वळून ‘काय म्हणाल्या?’ म्हणून विचारायचे. मी एका कारखान्यात हिशेब खात्यात कारकून होतो. लग्न व्हायचं होतं. एका सकाळी कारखान्याची बस उलटली. मला खरचटलंसुद्धा नाही. माझ्या शेजारी बसलेला गेला. खिडकीतून ऊन येतंय म्हणून मीच त्याला म्हटलं होतं, तू बस तिकडे. हेही कुणाला सांगितलेलं नाही, पण ते आजचं नाही, ते वेगळं आहे.

त्यानंतर मी बसमध्ये चढेनासा झालो. बनशंकरीहून, म्हणजे घरून, चालत निघायचो, घामाने भिजून कारखान्यात पोचायचो आणि बेरजा चुकवायचो. माणूस बोलेनासा झाला हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण आधीही मी फारसा बोलत नसे. बेरजा चुकायला लागल्या तेव्हा मात्र ताबडतोब कारखान्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी एक पत्ता दिला. म्हणाले, ‘तिथं जा, चित्रं काढ. मनावर आघात झालेली माणसं तिथं चित्रं काढून बरी होतात.’ मी म्हटलं, ‘मला चित्र येत नाही.’ ते म्हणाले, ‘मग तर फारच बरं.’

जयनगरात एक बालवाडी होती. शनिवारी दुपारी मुलं घरी गेली की तिथं आमचा वर्ग भरायचा. बसायला बालवाडीच्याच खुर्च्या. आघात झालेली सगळी मोठी माणसं गुडघे हनुवटीपाशी घेऊन गोल बसायची. भिंतीवर कन्नड मुळाक्षरं आणि टोपी घातलेला हत्ती. वर्ग घेणाऱ्या मॅडम परदेशात हे शास्त्र शिकून आल्या होत्या. फार हळू बोलायच्या. इतक्या हळू, की एकदा त्या ‘आता रडलात तरी चालेल’ असं म्हणाल्या ते निम्म्या लोकांना ऐकूच गेलं नाही आणि ते चहाला उठले.

पहिल्या शनिवारी मी बस काढली. एक लांबट चौकोन, त्यात लहान चौकोन. चाकं काढायची राहिली. मॅडम माझ्या मागे येऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, ‘किती घट्ट बंद करून ठेवलंय हे कपाट.’

मी बस म्हणणारच होतो. पण त्यांचे डोळे पाणावले होते. आता पाणावलेल्या डोळ्यांच्या बाईला ‘ही बस आहे’ असं कसं सांगायचं. पुढचे कितीतरी शनिवार माझ्या कपाटावर चर्चा झाली. किल्ली कुणाकडे आहे, आतून कडी आहे का. आमच्यात एक निवृत्त सुभेदार होते, ते सगळं पट्टी लावून काढायचे, ढगसुद्धा. त्यांनी माझं चित्र हातभर लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, ‘बिजागऱ्या नाहीत. बिजागऱ्या नसतील तर किल्ली घेऊन काय करणार?’ मी घरी जाऊन विचार केला आणि पुढच्या शनिवारी बसला बिजागऱ्या काढल्या.

मुद्दाम सांगतोय. दुसऱ्याने चुकीचं काही धरून चाललं की मी ते तसंच चालू देतो. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

वर्गाचा एक नियम होता. स्वतःचं मोठं चित्र, म्हणजे ज्यात आपण ती जागा काढली आहे ते चित्र, आपण घरी न्यायचं नाही. शेजारी बसलेल्याने न्यायचं. उघडायचं नाही, विचारायचं नाही, नुसतं सांभाळायचं. वर्ग संपायच्या दिवशी परत आणून द्यायचं. मॅडमचं म्हणणं असं, की आपलं दुःख काही दिवस दुसऱ्याच्या घरी राहून आलं की आपल्याला ते नीट पाहता येतं. सुभेदार माझ्या डाव्या हाताला बसायचे, त्यांनी माझं कपाट नेलं. माझ्या उजव्या हाताला अक्का बसायची. तिचं चित्र माझ्याकडे आलं.

अक्का चामराजपेठेतली, पंचावन्न-साठीची, घट्ट अंबाडा घालणारी. मला तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. तिच्या घरी गॅसचा भडका उडून नवरा गेला होता. तेव्हापासून तिने शेगडी पेटवली नव्हती. पोळी-भात शेजारून यायचा, चहा थर्मासमधून, आणि मधल्या वेळेला केळी. ‘माकडासारखी जगतेय मी,’ ती हसून म्हणायची. कन्नडमध्ये ते जास्त वाईट वाटतं.

एकदा बालवाडीच्या पायरीवर चहा पिताना तिने मला खरं काय ते सांगितलं.

‘भडका उडाला तशी मी मागच्या दारानं बाहेर पळाले. ते पुढच्या दारातून आत आले होते की नव्हते, हे मला आठवत नाही, तम्मा. मी त्यांना दारात पाहिलं आणि पाहूनही पळाले, की पाहिलंच नाही? सगळे म्हणतात, नाहीच पाहिलंस. पण सांगणारे तिथं कुठं होते?’

‘आठवत नाही तर…’ मी काहीतरी म्हणायला गेलो.

‘म्हणून तर चित्र काढलं. मॅडम म्हणाल्या, विचार करू नका, झरझर काढा, हाताला आठवत असतं. मी चष्मा काढून ठेवला आणि काढलं. काय काढलं ते मला दिसलंसुद्धा नाही. चष्म्याशिवाय मला माझा हात दिसत नाही. आता परत मिळेल तेव्हा चष्मा लावून बघेन. दारात ते असले तर असले. नसले तर घरी जाऊन शेगडी पेटवीन.’

इतकं साधं होतं ते. तिला एकच गोष्ट पाहायची होती आणि ती गोष्ट माझ्या घरी, माझ्या कपाटावर, गुंडाळी करून ठेवलेली होती.

घरी मी वर्गाचं सांगितलं नव्हतं. शनिवारी ओव्हरटाइम असतो असं सांगितलं होतं. एका शुक्रवारी संध्याकाळी घरी आलो तर आई उंबऱ्यात उभी. चेहरा असा, की मला वाटलं कुणीतरी गेलं.

‘कुठून आणलंस रे हिला?’

देवघरात अक्काचं स्वयंपाकघर होतं. आईने खळ लावून ते कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं. वर शेवंतीचा हार. मी ते चित्र पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा त्याला हार होता. काळाकुट्ट लंबगोल, तो धूर असावा. त्यात दोन पांढरी वर्तुळं, ते बर्नर. मधे लाल लांब ज्वाळा. खाली हिरवा पट्टा, बहुतेक ओटा. आईला त्यात काय दिसलं हे मला तत्क्षणी दिसलं, आणि त्यानंतर मला त्यात शेगडी कधी दिसलीच नाही. काळं मुख, वटारलेले पांढरे डोळे, लाल जीभ, हिरवं लुगडं. साक्षात आमच्या भागातल्या देवळातली बनशंकरी.

‘बोल ना. कुठली?’

‘देवळाजवळ मिळाली,’ मी म्हटलं.

‘मला ठाऊकच होतं. त्या बसमधून तू वाचलास ना, तेव्हाच मी देवीला बोलले होते, घरी ये म्हणून. आली बघ. आणि तू तिला कपाटावर टाकलीस धुळीत.’

आता इथं मला एवढंच म्हणायचं होतं, की आई, ही दुसऱ्याची आहे. पण त्यामागोमाग सगळंच आलं असतं. वर्ग, बस, खिडकी, ऊन. आणि आई तर म्हणत होती की मी देवीमुळे वाचलो. मी देवीमुळे वाचलो असेन तर तो शेजारचा मेला त्यात माझा हात नव्हता. मला ते फार सोयीचं वाटलं. मी चपला काढल्या आणि नमस्कार केला.

वाटलं होतं, चार दिवसांनी हळूच काढून घेऊ. पण त्याच सुमारास सगळ्या देशात गणपती दूध प्यायला लागला. आईने विचार केला, तो प्यायला तर ही का नाही पिणार. तिने चमचाभर दूध देवीच्या जिभेला लावलं. कागदच तो, प्यायला. आईने दुसरा चमचा लावला, तोही प्यायला. शेजारच्या घरमालकीणबाई धावत आल्या. ‘अय्यो, स्वल्प निधान, निधान,’ म्हणजे जरा हळू, हळू पाजा, असं म्हणत त्यांनीही दोन चमचे पाजले. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बायका वाट्या घेऊन रांगेत. कारखान्यातून आलो तर मला माझ्याच घरात शिरायला जागा नव्हती. एक बाई म्हणाली, ‘ओ, रांग आहे.’ मी म्हटलं, ‘माझं घर आहे.’ ती म्हणाली, ‘देवीसमोर सगळे सारखे.’

दुधाने रंग ओघळला. देवीची जीभ लांबली. कोपऱ्यातून काळं खाली आलं. आईला ते शुभ वाटलं. ओघळ झाकायला तिने वरच्या कोपऱ्यावर हळद-कुंकू थापलं, आणि मग दर शुक्रवारी थापतच राहिली. तिचा गुडघा दुखायचा थांबला. घरमालकीणबाईंचा मुलगा पास झाला. काढून घ्यायचं कसं?

वर्ग संपायला आला तेव्हा मॅडमनी सांगितलं, पुढच्या वेळी चित्रं परत आणा. अक्का माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तम्मा, नीट आहे ना?’ मी मान हलवली.

गांधी बाजारातून रंग आणि मोठा कागद आणला आणि रविवारी देवघरासमोर मांडी घालून नक्कल करायला बसलो. आईला भरून आलं. घरमालकीणबाईंना बोलावून तिने दाखवलं, ‘बघा, अपघातानंतर देवाकडे वळला.’ मग स्टूल घेऊन माझ्या मागेच बसली.

‘डोळे बारीक झालेत.’

‘बरोबर आहेत, आई.’

‘बारीक झालेत. आणि जीभ केवढी काढतोयस? ती काय भांडायला आलीय?’

‘जीभ आहे तेवढीच काढतोय.’

‘दुधानं वाढलीय ती. मूळची एवढी नव्हती.’

मूळची केवढी होती हे आईने सांगितलं आणि मी तेवढी काढली. अक्काच्या घरातला भडका अशा रीतीने आईने कमी केला. डोळे मोठे केले. आईने सांगेपर्यंत मी हलकंसं हसूही देऊन बसलो होतो, ते पुसलं.

मग तो वरचा कोपरा आला. तिथं दाराची चौकट होती, एक उभी रेघ दिसत होती. चौकटीच्या आत हळद-कुंकवाचा थर, नखभर जाड. त्याच्याखाली काही आहे की नाही ते कळत नव्हतं. आई देवपूजेची भांडी घासायला आत गेली. मी एकटा होतो. नखाने खरवडलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं. माझा हात तिथवर गेलासुद्धा. पण खाली माणूस निघाला तर मला तो काढावा लागला असता. आणि अक्काला तो दाखवावा लागला असता. मी खरवडलं नाही. चौकट काढली आणि आतली जागा रिकामी सोडली.

शेवटच्या शनिवारी सुभेदार माझं कपाट पत्र्याच्या ट्रंकेतून घेऊन आले. डांबराच्या गोळ्यांचा वास सगळ्या बालवाडीत पसरला. कागदाला एक चुणी नव्हती. ‘आमच्या घरी पाहुणे आले तेव्हा त्यांना चित्राच्या खोलीत झोपू दिलं नाही,’ ते म्हणाले. मॅडमनी मला विचारलं, ‘उघडलं का कपाट?’ मी म्हटलं, ‘उघडलं.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुभेदारांनी जास्त वाजवल्या, बिजागऱ्या त्यांच्या होत्या ना.

मग अक्काची पाळी आली. तिने चष्मा पदराने पुसला, लावला, आणि मी दिलेली गुंडाळी त्या बुटक्या टेबलावर उघडली.

‘एवढीच होती आग?’ ती म्हणाली. मग तिचं बोट वर सरकलं. चौकटीत थांबलं. ‘तम्मा, इथं काही नव्हतं?’

‘नाही, अक्का.’

‘पुसलं नाही ना गेलं?’

‘कपाटावरच होतं. हातसुद्धा लागला नाही कुणाचा.’

‘मला वाटत होतं, मी इथं पांढरं काहीतरी काढलंय. तेलखडूनं. हाताला तसं वाटत होतं.’

‘कोपरा रिकामाच होता,’ मी म्हटलं. आवाज अगदी नेहमीसारखा निघाला.

ती खाली बसली, त्या लहानशा खुर्चीत, आणि रडली. मॅडम काहीतरी हळू म्हणाल्या. या वेळी कुणी चहाला उठलं नाही. अक्का मग डोळे पुसून म्हणाली, ‘म्हणजे ते नव्हतेच दारात. मी त्यांना सोडून नाही पळाले.’

काही दिवसांनी एका संध्याकाळी ती आमच्या घरी आली. पत्ता सुभेदारांकडून मिळवला होता. हातात डबा. झाकण काढलं तर वाफाळता केशरीभात. ‘मी केला,’ ती म्हणाली. ‘माझ्या शेगडीवर.’

आई बाहेर आली. ‘तुमची ओळख कुठली?’

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

‘शनिवारची,’ ती म्हणाली.

‘शनिवारी तर याचा ओव्हरटाइम असतो.’

‘हो, तोच,’ अक्का म्हणाली. ‘ओव्हरटाइमची ओळख.’

आईचं समाधान झालं. बाई सवाष्ण नाही हे तिने पाहिलं होतं, पण हात धरून तिला देवघरात नेलंच. ‘आमची देवी बघा. दूध पिते.’ मी दाराशी उभा होतो. अक्का वाकली. चष्मा लावलेलाच होता. तिने त्या काळ्या मुखाकडे नीट पाहिलं.

‘चेहरा ओळखीचा वाटतो,’ ती म्हणाली.

‘सगळ्यांनाच वाटतो,’ आई म्हणाली. ‘तीच तर खूण आहे.’

आईने कुंकवाची वाटी पुढे केली. अक्का बोट लावायला तयार नव्हती, ती विधवा. आई म्हणाली, ‘देवीला लावायचंय, तुम्हाला नाही. लावा.’ अक्काने चिमूटभर कुंकू घेतलं आणि जिथे आधीच थर होता तिथेच, वरच्या कोपऱ्यात लावलं. मग आम्ही तिघांनी केशरीभात खाल्ला. चांगला झाला होता, जरा गोड जास्त.

आई गेली तेव्हा देवघराला रंग द्यायचा होता. बायको माहेरी होती. मी चित्र खाली उतरवलं, ओला कापूस घेतला आणि कोपऱ्यातलं हळद-कुंकू सोडवलं. खालचा रंग थोडा विरघळला, पण तेलखडू पाण्याला दाद देत नाही. चौकटीत एक पांढरा माणूस होता. बनियनमधला, एक हात वर केलेला. तो ये म्हणत होता की जा म्हणत होता ते चित्रावरून कळत नाही. बायको यायच्या आत मी तिथं पुन्हा कुंकू लावलं.

अक्का आहे. पार सर्जापूर रोडला लेकीच्या अपार्टमेंटमध्ये असते, ऐंशीच्या घरात आली असेल. स्वयंपाक अजून स्वतः करते, सणाला फोन करते, ‘तम्मा, जेवायला ये,’ म्हणते. मी जातो, बसने जातो, जेवतो. ती बरी झाली आहे. कशाने झाली हे तिला ठाऊक नाही. खरं सांगितलं तर तिचं काय होईल हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारत आलो, आणि विचारत राहणंच मला सोयीचं होतं. त्या माणसाला पाहायचं की नाही हे तिने ठरवायचं होतं. ते मी ठरवून टाकलं.

तिचं चित्र मला तिला द्यायचं आहे. आणि कोपरा रिकामा नव्हता, हे तिच्या तोंडावर सांगायचं आहे. दोन्ही राहिलं आहे.